खाते कोणाचे ? बँकेचे की सभासदाचे ?



या अंकात आमच्याकडून खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लेख यावयाचा होता. तो आता पुढच्या अंकी. यावेळी उसाऐवजी उसाच्या पैशाविषयी लिहिण्याची वेळ आली आहे, आणि ती आमच्या पिंगळी गटातील एका सभासदामुळे आली. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांनी ना म्हटले म्हणून नव्हे, तर नाव छापले की माणसे गोष्ट विसरतात आणि नावावर बोलत बसतात, हा आमचा अनुभव आहे.

या सभासदाचा दोन एकर को ८६०३२ चा खोडवा. टोळी वेळेवर मिळाली, तोड नीट झाली, एकसष्ट टनाच्या वर वजन भरले. पंधरवड्याचे बिल निघाले, यादी बँकेकडे गेली. तिसऱ्या दिवशी परत आलेल्या रकमांची यादी कारखान्याच्या हिशेब विभागात आली. तीत आमच्या गटातील सात नावे होती. सहांचे दुखणे नेहमीचेच : कोणाच्या खाते नंबरात आकडा इकडचा तिकडे, कोणाच्या शाखेचा कोड जुना. सातव्या नावापुढे दोनच शब्द होते – खाते बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका गट कार्यालयाच्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "साहेब, मव्हं बिल आलं का नाई अजून ? तुमचं चिठ्ठीवालं पोरगं म्हनतंय गेलं, अन् बँकवाले म्हनतेत खातंच नाई."

आम्ही त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. (बँकेचेही नाव देत नाही. एका शाखेचा हा दोष आहे असे वाटले असते तर लेख लिहिलाच नसता, मॅनेजरसाहेबांना भेटून मिटवले असते.) खिडकीवरच्या बाबूंनी संगणकात पाहिले आणि सांगितले की केवायसीचे कागद वेळेत आले नाहीत, आधी होल्ड लागला, नंतर खाते बंद झाले. नोटीस दिली होती का, असे विचारले तर उत्तर आले, "मेसेज गेलेत की." मेसेज ज्या नंबरवर गेले तो नंबर काकांच्या मुलाचा. मुलगा कामासाठी चाकणला गेला, तिथे त्याने नवे कार्ड घेतले, जुना नंबर बंद पडून वर्ष झाले. म्हणजे मेसेज गेले हे खरे, आणि काकांना मिळाले नाहीत हेही खरे. शिवाय पासबुकावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. सातबाऱ्यावर तिसऱ्याच तऱ्हेने आहे, पण ते बँकेने पाहिलेले नाही हे नशीब.

खात्यात चौदा हजारांवर रक्कम होती. ती कोठे आहे ? "आमच्याकडेच एका वेगळ्या खात्यात आहे, अर्ज करा, वर पाठवू." वर म्हणजे कोठे आणि किती दिवसांत, हे बाबूंनाही सांगता आले नाही. त्यांच्यावर आमचा राग नाही. चार जणांचे काम दोघे करतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

घरी लेक बाळंतपणाला आलेली, खताच्या दुकानाची उधारी उभी. काकांनी गावातच शेकडा तीन रुपयांनी हातउसने उचलले. स्वतःचा ऊस गाळला गेला, त्याची साखर पोत्यात भरली गेली, पैसा कारखान्यातून निघाला आणि मालक व्याजाने पैसे काढतो आहे.

आता आमची चूक सांगतो. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, उशीर झाला तर दर साल दर शेकडा पंधरा टक्के व्याज. आपल्या बाजूने कारखान्याने रक्कम पाठविली होती, म्हणून आमच्या कचेरीने हात झटकले. आम्हीही काकांना जे सोपे तेच सांगितले : "काका, दुसऱ्या बँकेत खाते काढा, पासबुकाची झेरॉक्स द्या, मोकळे व्हा." काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खातं काढतो साहेब, पन मव्हं काय चुकलं ते तर सांगा कुनी."

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्या दिवसापासून आम्ही जे वाचले, ज्यांना विचारले, त्यावरून हा लेख लिहीत आहोत. आम्ही कृषी पदविकावाले, वकील नव्हे, तेव्हा कायद्याची भाषा कोठे ढिली पडली तर सांभाळून घ्यावे.

बँकेला खाते बंद करण्याचा अधिकारच नाही, असे आमचे म्हणणे नाही. खाते हा दोघांमधील करार आहे आणि एका बाजूला तो मोडता येतो. बँकांवरही बंधने आहेत. काळा पैसा रोखण्याचा २००२ चा कायदा आहे, केवायसीत कसूर झाली तर रिझर्व्ह बँक बँकांना दंड करते. आणि आपल्याकडील काही पोरांनी थोड्या पैशांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड अनोळखी माणसांच्या हाती दिले आणि त्या खात्यांतून कोणा दूरच्या म्हाताऱ्याला लुबाडलेला पैसा फिरला, अशा गोष्टी आता खेड्यांतही ऐकू येतात. तेव्हा बँकेने डोळे उघडे ठेवावेत हे योग्यच. आमचे भांडण एवढ्याचसाठी आहे की बंद करण्यापूर्वी माणसाला हाक मारावी, कारण सांगावे, त्याचे ऐकून घ्यावे, आणि त्याची रक्कम त्याच्या हाती द्यावी.

हे मागणे अवाजवी आहे काय ? कर्जबुडव्याला कायदा काय देतो ते पाहा. २००२ चा सरफेसी कायदा बँकांना कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार देतो. (शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे, हे सभासदांनी ध्यानात ठेवावे.) पण त्या कायद्यानेसुद्धा आधी साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत कर्जदाराने हरकत घेतली तर पंधरा दिवसांत बँकेने कारणांसह लेखी उत्तर द्यावे लागते. याहून पुढची गोष्ट. कोट्यवधींच्या कर्जखात्याला "फसवणूक" असा शिक्का मारण्यापूर्वी कर्जदाराचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या प्रकरणात दिला. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या सूचना काढल्या आणि अशा कर्जदाराला कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्यासाठी किमान एकवीस दिवस द्यावेत असे ठरविले.

म्हणजे ज्याने बँकेचे पैसे थकविले त्याला साठ दिवस, ज्याच्यावर फसवणुकीचा संशय त्याला एकवीस दिवस, आणि ज्याने आपले चौदा हजार विश्वासाने बँकेत ठेवले त्याला बंद पडलेल्या नंबरवर एक मेसेज !

आपल्या सहकारात असे चालत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३५ प्रत्येक सभासदाने एकदा वाचून घ्यावे. एखाद्या सभासदाने संस्थेच्या हिताविरुद्ध वर्तन केले तरी चेअरमनना किंवा संचालक मंडळाला त्याला परस्पर काढता येत नाही. त्यासाठी खास सर्वसाधारण सभा, हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मते, त्या सभासदाला सभेपुढे बाजू मांडण्याची संधी, आणि एवढे होऊनही निबंधकांची मंजुरी. आपल्या सभेत आरडाओरड होते, माईक बंद पडतो, चहा गार होतो, सर्व मान्य. पण एका शेअरच्या मालकाला दाराबाहेर काढायचे तरी आधी त्याला माईकसमोर उभे करावे लागते.

बँकांच्या बाबतीतही पूर्वी असा एक लेखी शब्द होता. बँकांच्या ग्राहकांविषयीच्या वचनांची एक संहिता तयार करणारे मंडळ २००६ साली स्थापन झाले होते. त्या संहितेत स्पष्ट लिहिलेले होते की एरवीच्या परिस्थितीत किमान तीस दिवसांची नोटीस आणि कारण दिल्याशिवाय खाते बंद करणार नाही. ते मंडळ आता राहिले नाही. मात्र रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये दिलेली ग्राहक हक्कांची सनद आहे, आणि तिच्यातील पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा आहे. एकाच सनदेत तक्रार निवारणाचा आणि भरपाईचा हक्कही आहे.

केवायसीबाबत तर नियम आता आणखी स्पष्ट झाले आहेत, आणि येथे सभासदांनी जरा थांबून वाचावे, कारण आमच्या गटातील निम्म्या तक्रारी याच एका शब्दाभोवती फिरतात. ज्या ग्राहकाकडून धोका कमी आहे (म्हणजे आपल्यासारखा साधा खातेदार) त्याची केवायसी दहा वर्षांतून एकदा नवी करावयाची असते. १२ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने सुधारणा केली. तीनुसार मुदत येण्यापूर्वी बँकेने किमान तीन सूचना द्याव्यात आणि त्यांतील एक तरी पत्राने असावी. मुदत उलटली तर पुन्हा किमान तीन स्मरणे, त्यांतही एक पत्र. सूचना दिल्याची नोंद बँकेने ठेवावी. कमी धोक्याच्या ग्राहकाचे व्यवहार मुदत उलटताच बंद न करता, मुदतीपासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६ यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत चालू ठेवावेत. माहितीत बदल नसेल तर नुसते स्वतःचे लेखी निवेदन पुरते, आणि ते गावातल्या बँक मित्राकडेसुद्धा देता येते. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरात यासाठी ग्रामपंचायतींमधून शिबिरेही भरली होती. आपल्यापैकी किती जण गेले होते ? आम्ही स्वतः एका शिबिराला अर्धा तास गेलो, तिथे खुर्च्या पुष्कळ आणि माणसे थोडी. दोष सगळा एकीकडे नाही, तो असा.

दुसरा प्रकार न वापरलेल्या खात्याचा. दोन वर्षे खातेदाराकडून उलाढाल नसेल तर खाते निष्क्रिय ठरते. निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे अशा बचत खात्यावर व्याज चालू राहते, किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि खाते पुन्हा चालू करण्यास पैसे घेता येत नाहीत. सरकारी योजनेचे पैसे येण्यासाठी काढलेल्या खात्यांना तर दोन वर्षांचा हा नियम लावू नये असेही त्यात आहे. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, पण तेथूनही खातेदाराला किंवा वारसांना ती बँकेमार्फत परत मागता येते.

तिसरा प्रकार होल्डचा. खाते चालू दिसते, पैसे जमा होतात, पण काढता येत नाहीत. थकीत कर्जासाठी, कधी तर दुसऱ्याला जामीन राहिल्याबद्दलसुद्धा. बँका १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७१ दाखवतात, आणि तो हक्क काही प्रमाणात त्यांना आहेही. परंतु प्रत्येक पैसा सारखा नसतो. अतिवृष्टीची मदत वाटताना निघणाऱ्या शासन निर्णयांत या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, असे कलम असते. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा काही बँकांनी किमान शिल्लक नाही, जुने कर्ज आहे, म्हणून पैसे कापून घेतले. राज्यभर बायाबापड्यांनी बँकांपुढे रांगा लावल्या, गलका केला. शासनाला बँकांना सांगावे लागले की ही रक्कम कापू नका, गोठविलेली खाती खुली करा. त्या भगिनींनी दुसरीकडे खाते काढून गप्प बसण्याचा मार्ग धरला असता तर ही सूचना निघाली असती का ? आम्हाला तरी वाटत नाही.

आणि हे दुखणे फक्त गरिबाचे किंवा खेड्यातले आहे असेही समजू नका. २०२३ साली विलायतेत मोठाच गाजावाजा झाला. तिथे कूट्स नावाची श्रीमंतांची जुनी बँक आहे. तिने नायजेल फराज या पुढाऱ्याची खाती बंद करण्याचे ठरविले. पुढारी आम्हाला पसंत की नापसंत हा येथे प्रश्न नाही. त्याने कायद्याने मिळणाऱ्या हक्काने बँकेकडून आपल्याविषयीचे कागद मागितले. चाळीसेक पानांचे दफ्तर हाती आले. त्यात व्यवहाराच्या कारणांबरोबर, या माणसाची मते आमच्या बँकेच्या मूल्यांशी जुळत नाहीत, असेही टिपलेले निघाले. पुढे मालक बँकेच्या, म्हणजे नॅटवेस्टच्या, मुख्य अधिकारी ॲलिसन रोझ यांनी या ग्राहकाविषयी बातमीदाराशी बोलल्याचे मान्य केले आणि जुलै २०२३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. दुसऱ्याच दिवशी कूट्सचे प्रमुखही गेले. मार्च २०२५ मध्ये बँकेने दिलगिरी व्यक्त करून तडजोड केली. सरकारने खाते बंद करण्याच्या नोटिशीची मुदत दोन महिन्यांवरून नव्वद दिवसांवर नेण्याचे आणि कारण लेखी देण्याचे जाहीर केले व तसे नियमही केले.

तो पुढारी होता, त्याच्यामागे वर्तमानपत्रे होती. आमच्या काकांमागे कोण ? येथे आपल्या कारखान्याच्या जबाबदारीकडे यावे लागते.

हा लेख लिहिणार असे कळल्यावर आमच्याच कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी आम्हाला बाजूला घेतले. म्हणाले, "अहो, कारखाना बँकेच्या पैशावर चालतो. साखर तारण ठेवूनच ऊसबिले निघतात. बँकेशी वाकडे घेऊन कसे चालेल ?" त्यांचे म्हणणे वावगे नाही. पण आम्ही त्यांना विचारले की कारखान्याचे खाते बँकेने असे एका मेसेजवर बंद केले तर संचालक मंडळ गप्प बसेल काय ? बैठका होतील, मुंबईला खेपा होतील, वकील लागेल. मग साडेतीनशे पोत्यांचा ऊस घालणाऱ्याला एक आणि एकसष्ट टन घालणाऱ्याला दुसरे, असा भेद सहकारात कसा चालावा ? बँकेशी वाकडे घ्यायचे नाही, सरळ कागदाने विचारायचे आहे. यात संबंध बिघडावेत असे काही नाही, आणि एवढ्याने बिघडत असतील तर ते मुळात काय संबंध होते ?

आपल्या जिल्ह्याला तर या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. गंगाखेड भागात एका खाजगी कारखान्याच्या प्रकरणात शेतकऱ्यांच्या नावे परस्पर बँक कर्जे उचलल्याच्या आरोपावरून २०१७ साली गुन्हा दाखल झाला होता. न घेतलेल्या कर्जाच्या नोटिसा शेतकऱ्यांच्या दारी आल्या होत्या. खाते उघडताना विचारले नाही आणि बंद करताना विचारले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून येतात : शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा असतो, त्याचे म्हणणे घ्यायचे नसते.

आता काकांनी काय केले ते सांगतो, म्हणजे इतरांना उपयोग होईल.

पहिले काम, लेखी अर्ज. शाखाधिकाऱ्यांच्या नावे, साध्या मराठीत, एकाच पानाचा. त्यात भांडण लिहिले नाही, प्रश्न लिहिले. खाते कोणत्या तारखेला बंद केले, कोणत्या कारणाने, त्याआधी किती सूचना दिल्या, पत्र कोणत्या पत्त्यावर व कोणत्या तारखेस पाठविले, शिल्लक रक्कम कोठे आहे आणि व्याजासह केव्हा मिळेल. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्का देण्यास आधी का-कू झाली. काका म्हणाले, "मी बसतो हितंच, शिक्का गावला की जातो." आणि खरोखरच बाकावर बसले, डबा उघडून भाकरीही खाल्ली. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का मिळाला.

दुसरे, तीस दिवस वाट पाहणे. तेवढ्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. टपालाने पाठवायची तर चंदीगडला सेक्टर १७ मधील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे, आणि विचारपूस करायची तर १४४४८ या नंबरवर. येथे दोन बारकावे आहेत, ते आम्हालाही आधी माहीत नव्हते. एक, वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपाल घेत नाहीत, म्हणून ती स्वतःच्या सहीनेच जावी. दुसरे, बँकेने आपल्या धंद्याच्या दृष्टीने घेतलेल्या निर्णयावर लोकपाल बोलत नाहीत. म्हणून "माझे खाते का बंद केले" एवढेच लिहिले तर बँक म्हणेल की तो आमचा व्यवहारी निर्णय, आणि कागद तेथेच संपेल. लिहावयाचे असे की नोटीस दिली नाही, कारण दिले नाही, रक्कम अडकविली, ऊसबिल परत गेले. ही सेवेतील त्रुटी आहे. मुद्दा तोच, पण दार वेगळे.

आपली जिल्हा बँक असेल तर ? पूर्वी जिल्हा मध्यवर्ती बँका या लोकपाल योजनेत नव्हत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही योजनेखाली आणण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. पतसंस्थेचा प्रश्न मात्र सहकार खात्याच्या निबंधकांकडेच न्यावा लागतो. याशिवाय परभणीला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या बाबतीत तेथे तक्रारीची फी नाही.

तिसरी गोष्ट काकांनी मनात नसताना केली. दुसऱ्या बँकेत खाते काढले, कारण बिल थांबवून चालत नव्हते. आम्हीच आग्रह केला. नवे खाते काढले म्हणजे जुन्यावरचा हक्क सोडला असे होत नाही. दोन्ही कामे बरोबर चालू शकतात.

सभासदांकडून आमच्याही काही अपेक्षा आहेत, आणि त्या आम्ही नम्रपणे पण स्पष्ट सांगतो. मोबाइल नंबर बदलला की बँकेत आणि गट कार्यालयात दोन्हीकडे कळवावे. पोराचा नंबर देऊ नये, द्यायचा तर आपलाही द्यावा. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, ग्रामीण बँकांचीही नंतर एकत्रीकरणे झाली, तरी काही सभासद अजून जुन्या पासबुकाचीच झेरॉक्स देतात. मग बिल परत आले की शिव्या हिशेब विभागाला. पासबुक, आधार, सातबारा आणि शेअर सर्टिफिकेट या चारही ठिकाणी नाव एकसारखे आहे का, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहावे. बेणे निवडताना जेवढी बारकाई करता तेवढी येथे केली तरी पुष्कळ झाले. आणि पासबुक, एटीएम कार्ड कोणालाही वापरायला देऊ नये. पाहुण्यालाही नाही.

कारखान्याकडेही आम्ही एक सूचना लेखी दिली आहे. परत आलेल्या रकमांची यादी हिशेब विभागात पडून न राहता दुसऱ्याच दिवशी गट कार्यालयात यावी, आणि जिथे "खाते बंद" असा शेरा असेल तिथे कारखान्याने आपल्या पत्रावर बँकेला कारण विचारावे. सभासदाच्या एका अर्जापेक्षा कारखान्याचे पत्र जड पडते, हे बोलून दाखविण्याची गरज नाही. संचालक मंडळापुढे हा विषय यावयाचा आहे. मंजूर होईल न होईल, पण सभासदांनी आपापल्या गटाच्या संचालकांच्या कानावर घातले तर आम्हाला बळ येईल.

काकांच्या अर्जाला हे लिहितेवेळी अठ्ठावीस दिवस झाले आहेत. बँकेतून एकदा फोन आला, कागद घेऊन या, नवे खाते काढून रक्कम वळती करून देऊ. काका म्हणाले, येतो, पण आधी मव्हं पत्राचं उत्तर द्या. दोन दिवसांनी तीस पुरे होतात. चंदीगडला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा आम्ही लिहून ठेवला आहे, सही तेवढी काकांची बाकी आहे. त्याच अर्जाचा आणि तक्रारीचा कोरा नमुना पिंगळी गट कार्यालयात ठेवला आहे. ज्यांचे खाते गोठले अथवा बंद झाले असेल त्यांनी पासबुक, आधार आणि परत आलेल्या बिलाची पावती घेऊन सकाळी दहाच्या आत यावे. दहानंतर आम्ही फडात असतो.

– ऊस विकास अधिकारी, पिंगळी गट